तेरा-दहा, पुन्हा तेरा-दहा: नेब्रास्काच्या हातून चेंडू सुटतो कसा?

२०२३च्या हंगामात नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ तीन सामने एकाच गुणसंख्येने हरला. तेरा-दहा. पहिल्याच सामन्यात मिनेसोटाकडून, नोव्हेंबरात मेरीलँडकडून आणि थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आयोवाकडून. तिन्ही वेळा प्रतिस्पर्ध्याने घड्याळ संपता संपता फील्ड गोल मारून सामना नेला. आणि तिन्ही वेळा त्याच्या थोडंसंच आधी नेब्रास्काच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूने, फेकलेला चेंडू भलत्याच संघाच्या हातात जाऊन पडला होता.

त्या हंगामातल्या बारा सामन्यांत नेब्रास्काने ३१ वेळा चेंडू गमावला. समोरच्याकडून मिळवला तो फक्त १४ वेळा. फरक उणे १७, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च गटात तळाला. आठ सामन्यांनंतर पाच विजय, तीन पराभव अशी बरी स्थिती होती. सहावा विजय मिळाला असता तर मोसमानंतरच्या बोल सामन्यात जागा पक्की होती. उरलेले चारही सामने संघ हरला, आणि चारही एकेका स्कोअरच्या फरकाने.

अशा वेळी सगळे क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. चेंडू त्याच्याच हातून गेला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पाच धिप्पाड मुलांचं काय चाललं होतं, हे मात्र कॅमेराही नीट दाखवत नाही. या लेखात मुख्यतः त्या पाचजणांबद्दल सांगायचं आहे. सगळं खापर त्यांच्यावर फोडायचं नाही. गमावलेल्या प्रत्येक चेंडूमागे कुणाचा किती हात असतो, हे जरा उलगडून पाहायचं आहे.

आधी थोडी ओळख, कारण आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा तोच डोळ्यांसमोर येतो. हा अमेरिकन फुटबॉल. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. मैदानाच्या टोकापर्यंत चेंडू नेला तर टचडाउन, त्याचे सहा गुण आणि वर एक जादा गुण मिळवायची संधी. टोकापर्यंत जाता आलं नाही आणि अंतर आवाक्यात असलं, तर खांबांमधून चेंडू लाथाडून तीन गुण, तो फील्ड गोल. काहीच जमण्यासारखं नसेल तर चौथ्या डाउनला चेंडू लांब मारून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलायचं, तो पंट. या वाटेने न जाता मधेच चेंडू समोरच्याकडे गेला तर तो टर्नओव्हर. फेकलेला चेंडू समोरच्याने झेलला तर इंटरसेप्शन. हातातला चेंडू निसटून समोरच्याने उचलला तर गमावलेला फंबल.

हे विद्यापीठ लिंकनमध्ये, नेब्रास्का राज्याच्या राजधानीत आहे. या राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही, त्यामुळे राज्याचा जीव विद्यापीठाच्या संघात अडकलेला. मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली गेली आहेत, असं ते अभिमानाने सांगतात. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना खेळातलं ओ की ठो कळत नसलं, तरी शनिवारी घरचा सामना असेल तर कॅम्पसजवळ गाडी लावायला जागा मिळणार नाही, हे पहिल्याच सेमिस्टरला समजतं.

आता टर्नओव्हर एवढा महाग का, ते पाहू. विश्लेषक ढोबळमानाने एका टर्नओव्हरची किंमत चार गुण धरतात. त्यामागचा हिशेब सोपा आहे. तुमच्याकडे चेंडू होता, म्हणजे त्या चढाईत तुम्हाला गुण मिळण्याची काही शक्यता होती, ती गेली. वर समोरच्याला चेंडू मिळाला, म्हणजे त्याची गुण मिळवण्याची शक्यता वाढली. पंट मारला असता तर निदान तो चाळीस यार्ड मागे गेला असता, तेही झालं नाही. उणे १७ ला चाराने गुणलं की ६८, आणि बारा सामन्यांत वाटले तर दर सामन्याला साडेपाच गुणांहून जास्त. नेब्रास्का त्या वर्षी चार सामने बरोबर तीन गुणांनी हरला. हा हिशेब जसाच्या तसा निकालांना लावता येत नाही, कारण प्रत्येक टर्नओव्हर सारखा नसतो. मधल्या मैदानातला इंटरसेप्शन आणि समोरच्याच्या गोलरेषेजवळचा इंटरसेप्शन यांत जमीन-अस्मानाचा फरक. मेरीलँडविरुद्ध दहा-दहा अशी बरोबरी असताना नेब्रास्का गोलरेषेच्या तोंडाशी पोहोचला होता. तिथून नुसता फील्ड गोल मारला असता तरी आघाडी होती. क्वार्टरबॅक चबा पर्डीचा पास एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, अडवला गेला, आणि मेरीलँड तिथून मैदानभर चालत येऊन जिंकून गेला.

हे सगळं चाललं असताना नेब्रास्काचा बचाव उत्तम होता, म्हणून चटका जास्त. टोनी व्हाइट यांनी बसवलेल्या त्या बचावाने दर सामन्याला सरासरी वीसपेक्षा कमी गुण दिले. असा बचाव हाताशी असलेल्या संघाने फक्त चेंडू सांभाळला असता तरी पुरलं असतं.

आता पुढच्या पाचजणांकडे वळू. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, आणि टोकाला दोन टॅकल. मिळून ऑफेन्सिव्ह लाइन. प्रत्येकाचं वजन साधारण १३५ ते १५० किलो. जर्सीवर पन्नास ते एकोणऐंशीमधला आकडा. नेहमीच्या खेळात त्यांना पुढे जाऊन पास झेलायची परवानगी नसते. समोरचे येतील त्यांना अडवायचं, एवढंच काम. पण अडवण्याचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. धावण्याच्या खेळीत हे पाचजण पुढे घुसतात, समोरच्याला ढकलून वाट काढतात. पासच्या खेळीत ते मागे सरकतात, क्वार्टरबॅकभोवती एक खिसा तयार करतात आणि तो दोन-अडीच सेकंद तरी टिकवतात. पहिल्यात आक्रमक तुम्ही, दुसऱ्यात समोरचा. तंत्र, पायांची ठेवण, वजनाचा तोल, सगळं उलटं. एकात तरबेज असलेला मुलगा दुसऱ्यात कच्चा असणं अगदी नेहमीचं.

समोरचे बचावपटूही शहाणे असतात. सरळ अंगावर येत नाहीत. एक आत शिरल्याचं दाखवतो, दुसरा त्याच्या मागून वळसा घालून बाहेरून येतो. अशा वेळी गार्ड आणि टॅकल यांनी आपापल्या माणसाची अदलाबदल करायची असते, तीही न बोलता, क्षणात. कबड्डीत चढाईवाल्याला घेरताना साखळीतला एकजण घाईने पुढे झेपावला की दुसऱ्याचा हात सुटतो आणि मधून वाट मोकळी होते, तसंच इथे. एकाने आपल्या माणसाचा पाठलाग केला आणि दुसरा जागेवर थांबला, की दोघांच्या मधल्या फटीतून एक बचावपटू थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर. पाचातले चार बरोबर वागले तरी उपयोग नाही. लाइनचं काम एवढं निष्ठुर असण्याचं कारण हेच. सरासरीला इथे किंमत नाही, त्या खेळीतला सर्वांत वाईट अडवणाराच निकाल ठरवतो.

या पाचजणांचं काम आणि चेंडू गमावणं यांचा संबंध चार-पाच वाटांनी येतो. सगळ्या वाटा सारख्या उघड नसतात.

सगळ्यांना दिसणारी वाट म्हणजे स्ट्रिप-सॅक. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर ती सॅक, आणि त्यात चेंडूही हातातून उडाला तर स्ट्रिप-सॅक. क्वार्टरबॅक फेकण्यासाठी हात मागे नेतो, नजर पुढे लांबवर असते, आणि मागून किंवा बाजूने आलेला माणूस त्या हातावर फटका मारतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, म्हणून डाव्या टॅकलला एवढा मान आणि एवढा पैसा. इथे दोष बहुतेक वेळा टॅकलचा. पण नेहमी नाही. खिसा तीन सेकंद टिकला आणि क्वार्टरबॅकने चेंडू चार सेकंद धरून ठेवला, तर ती सॅक त्याच्याच खात्यात गेली पाहिजे.

दुसरी वाट जरा आडून येते. सॅक होत नाही, पण समोरचा अंगाशी इतका आलेला असतो की क्वार्टरबॅक पाय नीट न रोवता, मागे रेलत फेकतो. चेंडू फूटभर उंच जातो. झेलणाऱ्याच्या बोटांना लागून वर उडतो आणि सगळ्यांत मागे उभा असलेला बचावपटू, म्हणजे सेफ्टी, तो आरामात घेतो. आकडेवारीत हा क्वार्टरबॅकचा इंटरसेप्शन. ज्या गार्डने आपला माणूस आत सोडला त्याच्या नावापुढे काहीच लिहिलं जात नाही. पासच्या वाटेत हात उंचावून चेंडूला थाप मारण्याचंही तसंच. लाइनमनने समोरच्याचे हात गुंतवून ठेवले तर ते वर जात नाहीत. हात मोकळे राहिले की चेंडू हवेत उडतो, आणि उडालेला चेंडू कुणाचाही.

तिसरी वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल बोललं जातं सर्वांत कमी. ती सुरू होते पहिल्या डाउनला, एका साध्या धावेपासून. लाइनने वाट काढली नाही, धावणाऱ्याला जेमतेम यार्डभर मिळाला. दुसऱ्या डाउनला नऊ हवेत. पुन्हा दोन मिळाले. तिसऱ्या डाउनला सात. आता मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की पास येणार. धावेची धास्ती नसल्यामुळे समोरचे टोकाचे खेळाडू शर्यतीत धावल्यासारखे सुसाट क्वार्टरबॅककडे येतात, मागचे खेळाडू पास कुठे पडणार ते हेरून बसतात. सात यार्डांचा पास उघडायला वेळ लागतो, आणि वेळ तर नसतोच. या खेळीत इंटरसेप्शन झाला की तो फेकणाऱ्याच्या नावावर. पण तो पेरला गेला दोन खेळ्या आधी, एका गार्डला समोरच्याला अर्धं पाऊल हलवता आलं नाही तेव्हा. ज्या संघाला पहिल्या डाउनला चार-पाच यार्ड रेटून काढता येतात, त्याच्या क्वार्टरबॅकला अचानक शहाणपण सुचल्यासारखं वाटतं.

लाइन डळमळीत असली की प्रशिक्षक एक तोडगा काढतात: क्वार्टरबॅकलाच पळवायचं. तो चेंडू दुसऱ्याला देऊन मोकळा होत नाही म्हणून अडवायला एक माणूस जास्त मिळतो, आकड्यांचं गणित जुळतं. २०२३ मध्ये नेब्रास्काने हे भरपूर केलं. जॉर्जिया टेकमधून आलेला जेफ सिम्स आणि त्याच्या जागी खेळलेला उंचपुरा हाइनरिक हारबर्ग, दोघेही पळणारे. धावेचे यार्ड मिळाले. पण पळणारा क्वार्टरबॅक मार खातो, आणि धावणाऱ्या खेळाडूसारखं चेंडू छातीशी आवळून धरायचं वळण त्याच्या हाताला नसतं. एका ठिकाणची गळती थांबवायला लावलेलं ठिगळ दुसरीकडे गळू लागलं. दोघेही पुढे दुखापतींनी बेजार झाले आणि वर्षाखेर तिसऱ्याच, म्हणजे पर्डीच्या, हाती संघ गेला. हा सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्स या व्यावसायिक संघाच्या ब्रॉक पर्डीचा धाकटा भाऊ.

आणि स्नॅप. दोन पायांच्या मधून सेंटरने मागे उभ्या क्वार्टरबॅकला चेंडू देणं. सामन्यात साठ-सत्तर वेळा होणारी क्रिया, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. परक्या मैदानावर प्रेक्षक इतका गलका करतात की क्वार्टरबॅकची हाक सेंटरपर्यंत पोहोचत नाही. मग मुक्यानेच चालतं: गार्ड मागे वळून पाहतो, क्वार्टरबॅकने पाय उचलला की सेंटरला थापटतो, सेंटर मान हलवतो आणि ठरलेल्या ठेक्यावर चेंडू मागे जातो. हा ठेका समोरच्यांनी पकडला तर ते आधीच निघतात. इकडचा टॅकल त्यांच्या धास्तीने क्षणभर आधी हलला तर पाच यार्डांचा दंड. आणि सेंटरचं अर्धं लक्ष समोरच्या धुडाकडे असेल तर चेंडू गुडघ्याशी येतो किंवा डोक्यावरून जातो.

कोलोरॅडोविरुद्धचा सामना आठवा. ९ सप्टेंबर २०२३, बोल्डर. नवे प्रशिक्षक डियॉन सँडर्स यांचा कोलोरॅडोतला घरच्या मैदानावरचा पहिला सामना, त्यामुळे आवाज कानठळ्या बसवणारा. सुरुवातीला नेब्रास्काच्या बचावाने कोलोरॅडोला हलू दिलं नव्हतं. मग स्नॅप हातातून सुटला, चेंडू जमिनीवर, आणि कोलोरॅडोला आयती जागा मिळाली. सामन्यात चार टर्नओव्हर, निकाल ३६-१४. स्नॅप सुटण्यात क्वार्टरबॅकच्या हातांचा दोष बराच होता, हे मान्यच करायला हवं. लाइनच्या डोक्यावर सगळं थोपणाऱ्यांनी हा सामना पुन्हा पाहावा. कुणी अंगावर आलेलं नसताना चेंडू सुटला तर त्याला टॅकल काय करणार?

त्याआधीचा मिनेसोटाचा सामनाही तसाच मिश्र. नेब्रास्का दहा-तीनने पुढे होता, घड्याळ संपवायची वेळ होती. धावणाऱ्याच्या हातून फंबल. मिनेसोटाने बरोबरी साधली. मग सिम्सचा पास टायलर न्यूबिनने अडवला, आणि ड्रॅगन केसिचने ४७ यार्डांवरून फील्ड गोल मारला. फंबल धावणाऱ्याचा, इंटरसेप्शन फेकणाऱ्याचा. पण सात गुणांची आघाडी असलेल्या संघाला शेवटी फेकायची वेळच का यावी? ज्या लाइनवर भरवसा आहे ती अशा वेळी सलग चार-पाच धावा काढून सामना झोपवते.

नशिबाचाही वाटा असतो, आणि तो आपल्याला वाटतो त्याहून मोठा. जमिनीवर पडलेला लांबोळा चेंडू कुठे उडी घेईल याचा नेम नसतो. कित्येक वर्षांच्या आकड्यांत दिसतं ते असं, की फंबल झाल्यावर तो कोण उचलणार याची शक्यता निम्मी-निम्मी असते, त्यात कौशल्याचा भाग फार थोडा. म्हणून उणे १७ गाठणारा संघ पुढच्या वर्षी बहुधा आपोआपच शून्याकडे सरकतो. प्रशिक्षकाने काही जादू केली नाही तरी. वर्तमानपत्रांत मात्र 'शिस्त आली' असं छापून येतं. फंबल होऊ देणं हा दोष, पण झालेला फंबल परत मिळणं हे बरंचसं दैव. दोन्ही एकाच रकान्यात मोजतो, म्हणून गफलत होते.

नेब्रास्काच्या बाबतीत हे सगळं जास्त बोचतं, कारण लाइन हेच या संघाचं एकेकाळचं वैभव. टॉम ऑस्बर्न १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं मुख्य प्रशिक्षक होते. १९९४, १९९५ आणि १९९७ मध्ये संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ते चेंडू फेकून नाही, धावून. मिल्ट टेनोपिर यांनी घडवलेल्या लाइनला 'पाइपलाइन' म्हणत. १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना इथे व्यायामशाळेचे प्रशिक्षक म्हणून पगारावर नेमलं. कॉलेजच्या खेळात तेव्हा ही नवलाची गोष्ट होती, नंतर सगळ्यांनी उचलली. सेंटर डेव्ह रिमिंग्टनने लाइनमनना मिळणारी आउटलँड ट्रॉफी १९८१ आणि १९८२ अशी लागोपाठ दोनदा जिंकली, पुढच्या वर्षी ती त्याच संघातल्या गार्डला, डीन स्टाइनकूलरला मिळाली. देशातल्या सर्वोत्तम सेंटरला आज जी ट्रॉफी देतात तिला रिमिंग्टनचंच नाव आहे.

स्टाइनकूलरची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण नेब्रास्काच्या इतिहासात लाइन आणि फंबल यांची गाठ एकदा मोठ्या झोकात पडली होती. जानेवारी १९८४, मायामीविरुद्ध ऑरेंज बोल. क्वार्टरबॅकने स्नॅप घेऊन चेंडू मुद्दामच जमिनीवर ठेवला आणि आपण दुसरीकडे पळत सुटला. बचाव त्याच्या मागे. गार्डने, म्हणजे ज्याला एरवी चेंडूला हात लावायची वेळच येत नाही अशा गड्याने, तो उचलला आणि १९ यार्ड धावत जाऊन टचडाउन केलं. सामना नेब्रास्का ३१-३० असा हरलाच, पण ती खेळी अजून सांगितली जाते. पुढे नियम बदलून ती बंद केली.

त्या काळाशी आजचा संघ ज्या धाग्याने जोडलेला होता तो एका घराण्याचा. डॉमिनिक रायोला हवाईहून नेब्रास्कात आला, सेंटर म्हणून खेळला आणि २००० साली पहिली रिमिंग्टन ट्रॉफी त्यालाच मिळाली. त्याचा भाऊ डोनोव्हन रायोला २०२२ ते २०२५ नेब्रास्काच्या लाइनचा प्रशिक्षक होता. आणि २०२४ मध्ये डॉमिनिकचा मुलगा डिलन क्वार्टरबॅक म्हणून आला. मुलगा चेंडू फेकणार आणि त्याला राखायची जबाबदारी काकाकडे! लिंकनच्या लोकांनी या योगायोगाला किती डोक्यावर घेतलं असेल याची कल्पना करा.

२०२४ बरं गेलं. सात विजय, सहा पराभव, आणि २०१६ नंतर प्रथमच बोल सामना. तो बोस्टन कॉलेजविरुद्ध २०-१५ असा जिंकलाही. पण नोव्हेंबरच्या अखेरीस आयोवाविरुद्ध काय झालं पाहा. दहा-दहा अशी बरोबरी, घड्याळात अर्धा मिनिटही नाही. यार्डांमध्ये नेब्रास्काने आयोवाच्या जवळपास दुप्पट मजल मारलेली. डिलन फेकायला मागे सरकला, आयोवाचा मॅक्स लेवेलिन टोकाकडून आला, हातावर फटका, चेंडू जमिनीवर, आयोवाने उचलला. ड्रू स्टीव्हन्सने ५३ यार्डांवरून फील्ड गोल मारला. निकाल, अर्थात, तेरा-दहा.

एकच प्रतिस्पर्धी, लागोपाठ दोन वर्षं, तीच गुणसंख्या, शेवटच्या मिनिटातला एकेक टर्नओव्हर. पण दोन्ही टर्नओव्हर एका जातीचे नव्हते. २०२३चा इंटरसेप्शन होता, पर्डीने चुकीच्या ठिकाणी फेकलेला. २०२४चा मात्र टोकाच्या अडवणुकीतून आलेला. डिलनने चेंडू जरा आधी सोडायला हवा होता असं म्हणता येईल, आणि काहीजण म्हणालेही. माझ्या मते तिथे मोठा वाटा लाइनचा. बरोबरीत, शेवटच्या सेकंदांत टोकाकडून सुसाट येणाऱ्या माणसाला वळसा लांब घ्यायला लावणं हेच त्या टॅकलचं काम.

२०२५ मध्ये ही शंकाही उरली नाही. १७ ऑक्टोबरला मिनेसोटाने डिलनला नऊ वेळा सॅक केलं आणि २४-६ असा सामना जिंकला. नऊ म्हणजे नुसती क्वार्टरबॅकची दिरंगाई असू शकत नाही. दोन-तीन त्याच्या नावावर टाकले तरी उरलेले पुष्कळ. मग १ नोव्हेंबरला सदर्न कॅलिफोर्नियाविरुद्ध पुन्हा सॅक, पुन्हा हातातून चेंडू सुटला, आणि त्याच खेळीत त्याच्या पायाचं हाड मोडलं. सामना २१-१७ असा हरला, डिलनचा हंगाम तिथेच संपला. वर्षाखेरीस काका प्रशिक्षकपदावरून गेले आणि पुतण्याही दुसऱ्या विद्यापीठात निघून गेला.

मग लाइन लगेच सुधारत का नाहीत, असं कुणालाही वाटेल. पैसा आहे, प्रेक्षक आहेत, मुख्य प्रशिक्षक मॅट रूल यांना व्यावसायिक लीगचाही अनुभव आहे. अडचण वयाची आहे. अठराव्या वर्षी पळण्यात किंवा झेलण्यात तयार असलेला मुलगा सापडतो. अठराव्या वर्षी तेवीस वर्षांच्या बाप्याला अडवून धरणारा टॅकल क्वचितच. हायस्कूलमध्ये तो नुसत्या आकाराच्या जोरावर सगळ्यांना लोळवत आलेला असतो, पावलांचं तंत्र शिकायची गरजच पडलेली नसते. कॉलेजात आल्यावर वीस किलो चढवायचे किंवा उतरवायचे, खांदे आणि मांड्या घडवायच्या, आणि शेजारच्या गड्याची सवय व्हायची. सरावाला नियमाने आठवड्याला वीसच तास. म्हणून बहुतेक लाइनमन तिसऱ्या वर्षी कुठे मैदानावर दिसू लागतात. मधे कुणाचा गुडघा गेला की शेजारच्या दोघांची जुळलेली जोडी मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात सहज जाता येतं, आणि २०२५च्या जुलैपासून विद्यापीठं त्यांना थेट पैसेही देऊ लागली आहेत. क्वार्टरबॅक असा आणता येतो. एखादा टॅकलही आणता येतो, महाग पडला तरी. पण गार्ड आणि टॅकल यांनी न बोलता माणसं बदलून घ्यायची असतात, ती सवय विकत मिळत नाही. नव्या लाइन प्रशिक्षकाच्या वाट्याला पहिल्या वर्षी येणारे पाचजण बहुतेक आधीच्या माणसाने निवडलेले असतील, नाहीतर चार ठिकाणांहून गोळा केलेले. शिवाय समोर मिनेसोटा आणि आयोवासारखे संघ आहेत, जिथे एकच मुख्य प्रशिक्षक वर्षानुवर्षं टिकून आहे. आयोवाचे कर्क फेरेंट्झ तर १९९९ पासून तिथेच आहेत, आणि मुख्य प्रशिक्षक होण्याआधी ते स्वतः लाइनचेच प्रशिक्षक होते.